पाच आठवड्यांच्या पिल्लांना जुलाब लागलेत, काय देऊ?

ताई, तुम्ही सगळं नीट लिहिलंय, पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी आलीय. साखर पेठेतल्या तुमच्या सासऱ्यांच्या कारखान्यात, मागाशेजारच्या सुताच्या पोत्यांत, तुम्हाला मांजराची दोन पिल्लं सापडली, एक काळं आणि एक कबरं. भाटी चार दिवस फिरकलेली नाही. पिल्लांचे डोळे अजून निळसर आहेत, दात दिसतात, म्हणजे वय साधारण पाच आठवडे धरू. तुम्ही गाईच्या दुधात भाकरी कुस्करून देताय. दोन दिवसांपासून दोघांनाही पिवळी, पातळ शी होतेय. कबऱ्याचं पोट टम्म आहे, पण तो खेळतोय. सासूबाई म्हणतात जायफळ उगाळून चाटवा, दीर म्हणतात माणसांची जुलाबाची गोळी पाव करून द्या, आणि तुम्ही विचारताय की यातलं काय देऊ. मग अगदी शेवटी लिहिलंय, ‘काळं पिल्लू सकाळपासून गप्प पडून आहे.’

जायफळही नको आणि गोळीही नको. काळ्याला आजच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, उद्यावर ढकलू नका. न्यायच्या आधी काय करायचं ते पुढच्या दोन-तीन परिच्छेदांत सांगतो. बाकीचं तिथून आल्यावर वाचलंत तरी चालेल.

मी सोलापुरात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. सुरुवात पंढरपुरी म्हशी आणि खिलार बैलांपासून झाली, आता दवाखान्यात निम्म्याहून जास्त कुत्री-मांजरंच येतात. जुलाबाचं पिल्लू घेऊन येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा शीबद्दल बोलतो: रंग कसा, वास कसा, किती वेळा झाली. माझं लक्ष तेव्हा पिल्लाकडे असतं. इतकी लहान पिल्लं जुलाबानं जातात ती तीन गोष्टींमुळे: अंगातलं पाणी संपतं, अंग गार पडतं आणि रक्तातली साखर उतरते. ही तिन्ही सांभाळली तर जुलाब कशामुळे आहेत ते शोधायला वेळ मिळतो. सांभाळली नाहीत तर कारण सापडूनही उपयोग होत नाही.

काळ्याला हातात घ्या. तळपाय आणि कान गार लागतात का बघा. करंगळी स्वच्छ धुऊन त्याच्या वरच्या हिरडीवर फिरवा. निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी असते आणि बोट ओलं होऊन सरकतं. पाणी कमी झालेल्या पिल्लाच्या हिरडीला बोट चिकटतं, ओल्या पाटीला सुकत आलेलं फडकं चिकटावं तसं. मानगुटीची कातडी चिमटीत धरून सोडायची परीक्षा मोठ्या मांजरात ठीक आहे. इतक्या लहान पिल्लांत ती फसवते, कारण त्यांच्या कातडीखाली चरबी फारशी नसते. लघवीचा रंग जास्त खरं सांगतो. लहान पिल्लाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असायला हवी. पांढऱ्या कापडावर पिवळा डाग उठला तर पाणी कमी पडतंय असं समजा.

अंग गार असेल तर आधी ऊब द्या. तोंडात दूध, पाणी काही घालू नका. आपल्याकडे घरोघरी जुने टॉवेल असतातच. त्यातल्या एकात पिल्लू गुंडाळून स्वतःच्या छातीशी धरा. नाहीतर गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून टोपलीच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला अशासाठी की जास्त झालं तर त्याला सरकता यावं. ऊब हळूहळू द्यायची, अर्धा-पाऊण तास लागू दे. थर्मामीटर असेल तर टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर घाला. या वयात १०० ते १०२ फॅरनहाइट चांगलं. ९९ च्या खाली असेल तर ऊब हवीच. ९५ च्या आसपास आलं तर आतड्यांची हालचाल बंद पडते, पोटात घातलेलं तसंच पडून राहतं.

हे मी चूक करून शिकलोय. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका घरी गेलो होतो. पिल्लू गार पडलेलं, आणि घरातली लहान मुलगी रडत होती. तिच्यासमोर काहीतरी केल्यासारखं व्हावं म्हणून मी सिरिंजनं कोमट दूध पाजलं. पिल्लानं ते गिळलं, सगळ्यांना हायसं वाटलं. रात्री ते गेलं. सकाळी तपासलं तर पोटात ते दूध जसंच्या तसं, फक्त आंबलेलं होतं. आधी ऊब दिली असती तर कदाचित वाचलं असतं. तेव्हापासून गार पिल्लाच्या तोंडात मी काही घालत नाही. अपवाद एकच, हिरडीवर चोळायला ग्लुकोजच्या पाण्याचे दोन-तीन थेंब. पिल्लू अगदी मलूल असेल तर तुम्हीही तेवढं करा. चमचाभर कोमट पाण्यात चिमूटभर ग्लुकोज पावडर कालवून बोटानं हिरडीला लावा आणि निघा.

‘एवढ्याशा जुलाबानं काय होतंय’ असं कुणी म्हणालं तर हा हिशोब सांगा. तुमचं काळं पिल्लू फार तर ४०० ग्रॅमचं असेल. त्याच्या अंगातून वजनाच्या दहा टक्के पाणी गेलं की जिवाला धोका असतो. ४०० ग्रॅमचे दहा टक्के म्हणजे ४० मिलिलिटर, चहाच्या चमच्यानं मोजले तर आठ चमचे. चार-पाच पातळ शी आणि एक-दोन उलट्या झाल्या, वर पिल्लानं दिवसभर काही प्यायलं नाही, की आठ चमचे सहज जातात. त्यात वजनाच्या मानानं पिल्लाला रोज लागणारं पाणीही मोठ्या मांजराच्या दुपटीच्या आसपास असतं. आणि आपला उन्हाळा पत्र्याच्या शेडमध्ये कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पण मे महिन्यातसुद्धा माझ्याकडे गार पडलेली पिल्लं येतात. मागचा भाग शीनं ओला झालेला असतो, आणि माया म्हणून लोकांनी त्यांना कूलरसमोर ठेवलेलं असतं. ओल्या पिल्लाला वारा लागला की ते बघता बघता गार होतं. त्यामुळे शी झाली की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

आता कबऱ्याबद्दल. तो खेळतोय, खातोय, म्हणजे त्याच्यावर घरी उपाय करायला वाव आहे.

जुलाब कशामुळे हे मला लांबून छातीठोक सांगता येणार नाही. वय, जंत, भाटीनं किती दिवस पाजलं, कारखान्यात आणखी मांजरं आहेत का, यावर ते अवलंबून आहे. पण तुमच्या वर्णनात एक कारण उघड दिसतंय, ते म्हणजे दूध-भाकरी. आपल्याकडे मांजराला दूध-भाकरी पिढ्यान्‌पिढ्या घालतात आणि मोठी मांजरं ती पचवतानाही दिसतात. पण ती उंदीर, पाली, चिमण्या धरून आपली गरज बाहेर भागवत असतात. पिल्लाला ती सोय नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुप्पट किंवा जास्तच प्रथिनं असतात. गाईच्या दुधावर पोट भरायचं तर पिल्लाला ते खूप प्यावं लागतं, आणि त्याबरोबर दुधातली साखर त्याच्या आतड्याला झेपणार नाही इतकी जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात, पोट फुगतं आणि पिवळी, आंबट वासाची पातळ शी होते. पाणी घालून दूध पातळ केलं तर पिल्लू उपाशी राहतं. वर साखर घातली तर जुलाब वाढतात. शेळीचं दूध हलकं म्हणून कुणी सुचवेल, पण साखर त्यातही जवळजवळ तेवढीच असते.

म्हणून दूध आजपासून बंद. भाकरीही बंद. त्याऐवजी मांजराच्या पिल्लांसाठीचं ओलं खाद्य, ते पाऊचमध्ये मिळतं. नाहीतर पिल्लांसाठीची दुधाची पावडर, डब्यावर लिहिलेल्या मापातच कालवून. ती मिळेपर्यंत बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता, आणि त्याच पाण्यात वाटून मऊ लगदा करा. दोन-तीन दिवस हे चालतं, पुढे मात्र पिल्लांचं खाद्यच हवं. नुसत्या चिकनमध्ये वाढत्या हाडांना पुरेल इतकं कॅल्शियम नसतं. दिवसातून पाच-सहा वेळा, एका वेळी दोन छोटे चमचे, कोमट करून द्या. पहिल्या दिवशी भूक असेल त्यापेक्षा थोडं कमीच. लसणीबद्दल मुद्दाम सांगतो. शेंगाचटणी लावलेली भाकरी किंवा रस्सा पिल्लापुढे ठेवणारी घरं मी पाहिलीत. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि पिल्लात मुळात रक्तच थोडं असतं.

‘पोटाला विश्रांती’ म्हणून एक दिवस उपाशी ठेवायचा सल्ला तुम्हाला मिळाला असेल किंवा मिळेल. माणसात, मोठ्या कुत्र्यात तो पूर्वी सर्रास दिला जायचा. पाच आठवड्यांच्या पिल्लाला उपाशी ठेवू नका. त्याच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो, काही तासांच्या उपासानं ते मलूल होतं. शिवाय आतड्याच्या आतल्या अस्तराला भरून यायलाही अन्नच लागतं.

पाण्यासाठी मेडिकलमधलं साधं ओआरएस आणा. अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात घालून केलेलं पाणी खारट होतं आणि उलटं अंगातलं पाणी ओढतं. उरलेलं तुम्ही घरी प्या, चोवीस तासांनी टाकून द्या. फळांच्या चवीची तयार खोकी नकोत. कबऱ्याला बिनसुईच्या सिरिंजनं दर पंधरा-वीस मिनिटांनी एक मिलिलिटर, दोन-तीन तास द्या. पिल्लू चार पायांवर उभं किंवा पोटावर बसलेलं असलं पाहिजे, मान सरळ, सिरिंज गालाच्या कडेनं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर पाणी फुप्फुसात जातं. स्वतः वाटीतून पीत असेल तर सिरिंज नकोच. गप्प पडलेल्या काळ्याला तोंडानं पाजू नका. त्याला कातडीखालून किंवा शिरेतून सलाईन लागेल, ते दवाखान्याचं काम.

इथवरचं थोडक्यात: काळा उबेत गुंडाळून दवाखान्यात, कबऱ्याचं दूध-भाकरी बंद, ओआरएस आणि साधं चिकन सुरू, आणि दोघं वेगवेगळ्या टोपल्यांत. वेगळं का ते पुढे येतंय.

औषधांचं आता सांगतो. दिरांची गोळी आतडी जागच्या जागी थोपवते. जुलाब जंतूंचे असतील तर ते आतच कोंडले जातात, आणि मांजरं त्या गोळीनं कधी कधी सैरभैर होतात. ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, माणसाची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेते. सासूबाईंचं जायफळ प्रेमापोटी आहे, आमच्या घरीही बाळांना उगाळून द्यायचे. पण जायफळातलं तेल गुंगी आणतं, आणि पिल्लू औषधानं झोपलंय की बुडत चाललंय हे मग ओळखता येत नाही. त्यांना हे असंच सांगा, त्या समजून घेतील. आणि दह्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो, बोटभर दह्यानं काही बिघडत नाही, पण त्यावर विसंबू नका.

कबऱ्याचं टम्म पोट मला जंताचंही वाटतंय. गोल जंताची अळी भाटीच्या दुधातूनच पिल्लात येते, त्यामुळे घराबाहेर न पडलेल्या पिल्लालाही जंत असतात. हात-पाय काड्या, पोट नगारा आणि केस राठ, अशी ती पिल्लं दिसतात. कधी शीत किंवा उलटीत शेवयांसारखे पांढरे जंत पडतात. शीच्या तपासणीत अंडी दिसली नाहीत म्हणून जंत नाहीत असं नसतं, जंत वयात येईपर्यंत अंडी घालत नाहीत. म्हणून आम्ही तपासणीची वाट न बघता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध देतो, आठ आठवड्यांपर्यंत, मग महिन्यातून एकदा. पायरँटेल हे पिल्लांसाठी सुरक्षित औषध आहे, पण मात्रा वजनावर ठरते. तेव्हा वजन घेऊन गेलात की डॉक्टर मिलिलिटरमध्ये लिहून देतील. शाळेत मुलांना वाटतात ती अल्बेंडाझोलची गोळी मात्र तोडून देऊ नका. ती मांजराच्या हाडांमधल्या मगजाला, म्हणजे जिथं रक्त तयार होतं तिथं, इजा करू शकते.

जंताचं औषध दिलं, खाणं बदललं, आणि तरीही तीन-चार दिवसांत शी घट्ट झाली नाही, तर शी तपासायलाच हवी. शेंबडासारखी, मध्येच रक्ताची रेघ असलेली, कुंथून थोडी थोडी होणारी शी असेल तर माझा पहिला संशय कॉक्सिडियावर असतो. हा एकपेशी परजीवी आहे, जंताच्या औषधानं मरत नाही, त्याचं औषध वेगळं. ‘डॉक्टर, जंताचं दोनदा दिलं तरी थांबत नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर यात असतं. दुसरा संशय जिआर्डियावर, हाही एकपेशी परजीवीच, घाण पाण्यातून येणारा. त्याची शी चिकट, तेलकट आणि फार घाणेरड्या वासाची. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात आणि टाकीत साठवलेलं पाणीच सगळं घर वापरतं. तेव्हा पिल्लांना उकळलेलं पाणी द्या आणि त्यांची वाटी रोज धुवा. जिआर्डिया प्रत्येक शीत सापडत नाही, म्हणून एकाआड एक दिवस अशा तीन शी तपासतात. शी ताजी, बाटलीच्या झाकणाएवढी, स्वच्छ डबीत, तासा-दोन तासांत पोचवा. वाळलेली शी घेऊन आलात तर मला त्यात काहीच दिसत नाही.

आता वेगळ्या टोपल्यांचं कारण. काळ्याचं गप्प पडणं नुसतं पाणी कमी झाल्यानंही असेल, आणि तसंच असू दे. पण न लसवलेल्या पिल्लांत एक आजार आम्ही कधीच विसरत नाही, पॅनल्युकोपेनिया. हा विषाणूचा आजार, कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो नावाच्या आजाराचा भाऊबंद. यात बऱ्याचदा पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं, पिवळा फेस ओकतं, आणि जुलाब मागून येतात. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं पण पाणी न पिणारं पिल्लू एकदा पाहिलं की विसरत नाही. पांढऱ्या पेशी कोसळतात, म्हणून रक्ताची तपासणी उपयोगी पडते. कुत्र्यांच्या पार्व्होची शीवर करायची पट्टी मांजरातही बहुतेक वेळा हा विषाणू पकडते, दवाखान्यात ती करायला सांगा. विषाणू मारणारं औषध आमच्याकडे नाही. सलाईन, ऊब, उलटी थांबवणारी इंजेक्शनं आणि जंतुसंसर्ग रोखणारी अँटिबायोटिक, यांच्या जोरावर पिल्लाला तग धरायला लावायचं. काही वाचतात. लवकर आणलेली जास्त वाचतात. माणसांना हा होत नाही, पण आपल्या चपलांवरून, हातांवरून तो दुसऱ्या पिल्लापर्यंत जातो. म्हणून आधी कबऱ्याचं आवरायचं, मग काळ्याचं, आणि मध्ये साबणानं हात धुवायचे.

याच्या सफाईत एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. पिल्लानं घाण केली की लोक फिनेल किंवा डेटॉल टाकून पुसतात. हा विषाणू त्यांना दाद देत नाही, घरात वर्षभर टिकू शकतो. उलट मांजर त्या ओल्या फरशीवर चालतं आणि पाय चाटतं. फिनेलच्या जातीची रसायनं त्याच्या यकृताला बाहेर टाकता येत नाहीत, पॅरासिटामॉलसारखंच. आधी साबणाच्या पाण्यानं घाण काढा. मग कपडे धुवायच्या साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्या, साध्या पाण्यानं पुसून घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच पिल्लू सोडा. सुताची पोती धुता येणार नाहीत, ती फेकून द्या. घरात रांगतं मूल असेल तर त्याला शीच्या जागेपासून लांब ठेवा, गोल जंताची अंडी मुलांच्या पोटात गेली तर त्यांनाही त्रास होतो.

निघताना काळ्याला टॉवेलात, टोपलीत, बाटलीसकट न्या. गाडीवर मागे बसून जाणार असाल तर वारा लागणार नाही असं पदराआड धरा. सोबत ताज्या शीची डबी, आणि एका कागदावर लिहून घ्या: काय खाल्लं, किती वेळा शी, उलटी झाली का, शेवटची लघवी कधी. घाईत हे आठवत नाही, आणि डॉक्टरला त्याची फार मदत होते.

कबऱ्याचं वजन आज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घ्या. नसेल तर गल्लीतल्या किराणा दुकानात, वाटीत बसवून. रोज त्याच वेळी, खाण्याआधी. या वयात पिल्लू दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. जुलाबात एखादा दिवस आकडा तिथंच थांबला तर घाबरू नका. पण तो उतरला, किंवा सलग दोन दिवस वाढलाच नाही, किंवा कबऱ्यानं एक जेवण नाकारलं, उलटी केली, शीत रक्त दिसलं, तर त्यालाही त्याच टोपलीतून न्या. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पोट सुधारल्यावर, त्याची पहिली लस करायची. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत.

दवाखान्यात काळ्याचं तापमान आणि वजन किती भरलं, आणि पट्टीवर काय आलं, ते कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.